बाकीचे किती?

आमच्या सरांना कशालाही बोलवा. लग्नाला बोलवा, मोर्चाला बोलवा, झाडं लावायला बोलवा. आधी ते चष्मा कपाळावर चढवायचे, बोलावणाऱ्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहायचे आणि विचारायचे, "बाकीचे किती?"

कधी नाही, कुठे नाही, कशासाठी नाही. किती. माझ्या मुलीच्या बारशाचं सांगायला गेलो तेव्हाही हेच. मी म्हटलं, "सर, पाळण्यात एकच आहे. तुम्हाला आणखी किती पाहिजेत?" ते हसले नाहीत. "तसं नाही रे. सगळे येणार असतील तर माझ्यावाचून अडत नाही. कोणीच येणार नसेल तर मी एकटा येऊन काय करू?" एवढं बोलून बारशाला सगळ्यांच्या आधी हजर झाले आणि शिरा दोनदा मागून घेतला.

असा एखादा माणूस तुमच्या शेजारी राहत असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. राहत नसेल तर तुम्ही सुखी आहात, तसेच राहा.

आम्ही दोघं तालुक्याच्या एकाच कॉलेजात होतो. ते राज्यशास्त्र शिकवायचे, मी मराठी. घरं केशोरीच्या रस्त्यावरच्या एकाच गावात, मधे फक्त कुंपण. गावाने वाटणी करून टाकली होती: ते 'सर' आणि मी 'मास्तर'. त्यांना गाडी चालवता येत होती, पण चालवायचे नाहीत. वर्षानुवर्षं ते माझ्या मोटरसायकलवर मागे बसून आले-गेले आणि माझ्या उजव्या कानात क्रांतीवर बोलत राहिले. कुठला राजा का पडला आणि कुठला का टिकला हे मला पाठ आहे. मला नको असताना पाठ आहे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. "राजा एकटा, प्रजा लाखभर. सगळ्यांनी मिळून नुसती फुंकर मारली तरी उडून जाईल. मग टिकतो कसा? लोकांना राग नसतो? भरपूर असतो. पण शेजाऱ्यालाही तेवढाच राग आहे, याची खात्री नसते. म्हणून जो तो दुसऱ्याची वाट पाहत घरात बसतो. क्रांतीला राग लागत नाही, बातमी लागते." हे त्यांनी कुठल्याशा जाडजूड इंग्रजी पुस्तकांतून उचललं होतं. 'खेळाचं गणित' म्हणायचे ते त्याला. समोरचा काय करेल ते ताडून मी वागायचं, आणि तोही मला ताडूनच वागणार, असला तो गुंता. मधेच एखादा खड्डा चुकवायला मी गाडी वळवली की म्हणायचे, "बघ, समोरच्या ट्रकवाल्यालाही हाच विचार पडला असेल." ट्रकवाल्याला असा काही विचार पडलेला मी आजवर पाहिला नाही.

वर्गात शिकवायची पद्धत तर विचारूच नका. दोन चोर वेगवेगळ्या कोठड्यांत ठेवले आणि दोघांनाही सांगितलं की दुसऱ्याचं नाव घेशील तर तू सुटशील, तर ते काय करतील, हा त्यांचा लाडका पेच. फळ्यावर मांडला असता तरी भागलं असतं. यांनी बारावीतली दोन पोरं उठवली, एकाला ग्रंथालयात बसवलं, दुसऱ्याला प्रयोगशाळेत, बाहेरून कड्या घातल्या, प्राचार्यांच्या झाडाचे आंबे कोणी तोडले ते कबूल करा म्हणून दोघांनाही बजावलं, आणि घंटा झाल्यावर माझ्या गाडीवर बसून घरी आले. संध्याकाळी शिपायाने कड्या काढल्या. एका पोराने आंब्यांचं कबूल केलंच, शिवाय प्राचार्यांच्या स्कूटरची हवा कोण सोडतं तेही न विचारता सांगून टाकलं. दुसरा गाढ झोपला होता.

प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी सरांना बोलावून चांगलं झापलं. सर बाहेर आले ते खुशीत. "दोघांपैकी एकाने तोंड उघडलं नाही, बघ."

"अहो, तो झोपला होता."

"निकाल तोच."

एकदा संघटनेने सांगितलं, शिक्षकांनी काळ्या फिती लावून काम करायचं. सकाळी फाटकाशी येऊन पाहतो तर सगळा स्टाफ घोळका करून उभा. एकाच्याही बाहीवर फीत नाही आणि प्रत्येकाचा एक हात खिशात. फिती खिशात होत्या. पहिली कोण बांधतो हे पाहत सगळे ताटकळले होते, कारण पहिल्याचं नाव वरपर्यंत जातं. सरांच्या चेहऱ्यावर असं तेज की जणू त्यांच्या घरी मुलगा झाला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हाच तो पेच. इतका स्वच्छ पाहायला मिळत नाही."

मी म्हटलं, "सर, तुम्ही बांधा ना पहिली. तुमची निवृत्ती जवळ आली, तुमचं कोण काय करणार?"

"मी बांधली तर प्रयोग बिघडेल."

मी कपाळावर हात मारला, खिशातली माझी फीत काढली आणि त्यांच्याच बाहीला बांधली. ते ओरडले. पण सर बांधले गेले हे पाहून बाकीच्यांनी भराभर फिती बाहेर काढल्या, आणि आमचे सर दिवसभर माझ्यावर रुसून बसले. असा हा माणूस. जगातले सगळे उठाव तोंडपाठ, आणि स्वतः जागचा उठणार नाही.

आता तलावाचं सांगतो.

आमच्या गावचा तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेला. पाळीतून, म्हणजे तलावाच्या बांधातून, पाणी सोडायचं जे तोंड असतं त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. आमच्या तुडुमाला लोखंडी चाक बसवलं आहे, ते फिरवलं की पाट वाहायला लागतो. ते चाक उपसरपंचाच्या मर्जीने फिरायचं. तलावातल्या मासोळीचा ठेका त्याच्या साळ्याकडे, आणि तलाव उतरला तर मासोळी पोसत नाही. त्या वर्षी हस्त कोरडा गेला. धान गर्भात आलेलं, म्हणजे लोंबी पोटात धरलेली. या वेळेला पाणी मिळालं नाही तर लोंबी पोचट निघते. आणि तुडूम बंद. पानठेल्यावर सगळं गाव उपसरपंचाच्या नावाने बोटं मोडत होतं. तो स्वतः आला की तेच लोक सरकून बसायला जागा द्यायचे.

शेवंताबाई आमच्या वॉर्डातून पंचायतीवर निवडून आलेली. गोंडाची बाई. नवरा जंगलकामावर, शेती तीच पाहायची. तिच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला; सगळ्यांचं होऊन उरलं तर तिचं. ती एक दिवस सरांच्या ओसरीवर येऊन बसली. मी कुंपणापलीकडे होतो.

"सर, तुमी राजे कसे पडले ते पोराइले शिकवत होते ना जी. हा एक मानूस कसा पाडाचा, ते सांगा ना."

सर तोवर निवृत्त झाले होते. बायको गेलेली, मुलगी फुलचूरला नांदत होती, आणि ऐकायला फक्त मी उरलो होतो. ते असे उठून बसले की मला त्यांची काळजीच वाटली.

उपसरपंचावर अविश्वास ठराव आणायचा ठरलं. सात हात लागत होते. शेवंताबाई धरून आठ जण मनातून तयार होते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आता आमच्याकडे अविश्वास आला की सदस्यांना सहलीला नेण्याची चाल आहे. सगळ्यांना एका गाडीत कोंबायचं, लांब कुठे नेऊन ठेवायचं, खाऊ-पिऊ घालायचं आणि मतदानाच्या दिवशी थेट सभेत आणून उतरवायचं. लाज वाटावी असा प्रकार आहे, पण लागू पडतो. मी सरांना म्हटलं, "एक गाडी करा. नागझिऱ्याला न्या. एका पंगतीला जेवतील, एकमेकांची तोंडं पाहतील. कोणी फुटणार नाही."

सर भडकले. "मेंढरं आहेत का रे ती? शहाणी माणसं आहेत. त्यांना कोंडायचं नाही, त्यांना बातमी द्यायची."

आणि छत्री घेऊन बातमी द्यायला निघाले. एकेकाच्या घरी गेले. प्रत्येकाला बाजूला घेऊन म्हणाले, "तू घाबरू नकोस. एकटा पडणार नाहीस. तुला सोडूनही सात जण आहेत." खोटं काहीच नव्हतं त्यात. प्रत्येकाला सोडून सात होतेच. फक्त शेवंताबाईकडे ते गेले नाहीत. ती तर मुळात सांगायला आलेली, तिला कसली बातमी द्यायची?

सभेचा दिवस आला. तहसीलदार येऊन खुर्चीत बसले. आम्ही गावकरी खिडक्यांशी. एकाच्या सासुरवाडीला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघालं. एकाला ताप आला. एकाची म्हैस सुटली. जे तिघे-चौघे आले त्यांनी रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आणि आपापले हात मांडीवर घट्ट दाबून धरले. हात वर झाला तो एकट्या शेवंताबाईचा. ठराव पडल्याचं तहसीलदारांनी सांगितलं, तरी तिचा हात खाली येईना. समोर उपसरपंच बसून तिच्याकडे पाहत होता.

मी संध्याकाळी त्या म्हैसवाल्याला गाठला. "काऊन रे नाही आलास?"

"सात होते ना जी मास्तर. सरच सांगून गेले. माह्यावाचून काय अडत होतं? मंग कायले दुश्मनी घेऊ?"

साक्षगंधवाल्याने हेच सांगितलं. तापवाल्यानेही अंगावरची गोधडी बाजूला करून शब्दाला शब्द हेच सांगितलं. सरांनी सात जणांना इतका धीर दिला होता की निम्मे निर्धास्त घरी बसले आणि उरलेल्यांचा धीर रिकाम्या खुर्च्या पाहून गेला.

यापुढची गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी उपसरपंचाने आपणहून तुडूम उघडलं. त्यालाही खेळाचं गणित येत होतं, आणि सरांपेक्षा बरं येत होतं. वरच्यांना पाणी, मधल्यांना पाणी, पाळीपाळीने सगळ्यांना पाणी. आणि शेवटच्या टोकाला, शेवंताबाईच्या बांध्यांच्या तोंडाशी पाट आला की तुडूम बंद होणार, हे त्याने पानठेल्यावर सगळ्यांदेखत सांगितलं. ज्याच्या त्याच्या शेतात पाणी आलं. ज्याचा त्याचा राग गेला. तिच्याबद्दल हळहळले सगळे, पण आपल्या बांधावर उभे राहून हळहळले.

शेवंताबाई पुन्हा सरांकडे आली. या वेळी बसली नाही. "सर, तुमी म्हटलं होतं, सगळ्यायच्या मनात आहे. मनात होतं त हात कुठं गेले?" उत्तराला थांबलीही नाही. तिच्या बांध्यांतली माती तडकली होती, ती मी पाहून आलो होतो.

आणि आमचे सर? मी गेलो तर कागदावर त्या खेळाच्या गणिताचे चौकोन काढून बसलेले. मला बोलावलं, "ये, ये. चूक सापडली. भीती गेली की गरजही जाते, हे मी धरलंच नव्हतं. चूक माझीच. पण काय सुंदर चूक आहे, बघ!"

माझा पारा चढला. इतकी वर्षं मागे बसवून आणलेला माणूस. पण त्या दिवशी मी त्यांना वाटेल ते बोललो. "त्या बाईचं धान वाळून राहिलं आहे आणि तुम्ही चौकोन काढता? तिला हात वर करायला तुम्ही लावलं. तुमच्या आयुष्यात एकदा तरी स्वतःचा हात वर केला आहे का हो?" सर चष्मा काढून पुसत बसले. मी फाटक आपटून निघून आलो.

सकाळी ओसरीवर कुलूप. पाळीवर गेलो तर तुडुमाच्या चाकावर पोतं अंथरून, वर छत्री उघडून सर बसलेले. खालून पाट वाहत होता. पाणी टोकाला पोचायला दिवस मोडणार होता, आणि तोवर चाक फिरू द्यायचं नव्हतं. बरोबर कोणी नाही. घरातून पाणी घ्यायचंही सुचलं नव्हतं.

चाक फिरवणारा माणूस आला. सरांचाच जुना विद्यार्थी. "उठा ना जी सर. मले वरून बोलनी खा लागते."

"मग खा."

"सर, काहून असं करून राहिले जी?"

"तुझ्याशी बोलत नाही मी. राज्यशास्त्रात नापास झाला होतास." तो बिचारा डोकं खाजवत परत गेला.

मी डबा आणि पाणी आणून दिलं. राग उतरला नव्हता, म्हणून विचारलं, "सर, तुमचं शास्त्र काय म्हणतं आता?"

"शास्त्र म्हणतं, घरी जा."

"मग?"

"मग काय? सुपारी आहे का तुझ्याजवळ?"

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली, आणि आमचं गाव पाळीवर जमायला लागलं. सरांच्या मदतीला? छे. तमाशा पाहायला. एक जण हरवलेला बैल शोधत होता, जो बैल त्याने मागच्याच वर्षी विकला होता. दोघं आंघोळीला आले होते आणि कोरडेच उभे होते. साक्षगंधवाला होता, म्हैसवाला होता, तापवालाही मफलर गुंडाळून आला होता. सगळे लांब, झाडांच्या सावलीत, सरांचा आपला काही संबंध नाही अशा बेताने उभे. मला एकेकाचं बखोट धरून पुढे ढकलावंसं वाटत होतं.

तेवढ्यात पाळीच्या दुसऱ्या टोकाला उपसरपंचाची मोटरसायकल दिसली, मागे दोन गडी. त्याने गाडी थांबवली. त्याला दिसलं ते एवढंच की तुडुमावर सर बसलेले आहेत आणि त्यांच्या मागे अर्धं गाव उभं आहे. यांतले बघे किती आणि वैरी किती, हे त्याला लांबून कसं कळावं? थोडा वेळ तो तसाच उभा राहिला. मग गाडी वळवून निघून गेला.

आणि पाळीवरच्या बघ्यांना वाटलं, त्यांनीच त्याला पळवलं. बैलवाल्याने आरोळी ठोकली. आंघोळवाले पुढे आले. तापवाला मफलर हवेत फिरवून सांगू लागला की त्याने कसे डोळे वटारले. थोड्या वेळात तुडुमाभोवती ही गर्दी, आणि सर मधे बसून सगळ्यांवर खेकसताहेत, "सरका रे, वारा येऊ द्या!"

दिवस मावळता शेवंताबाई पाटाकाठाने चालत आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. "पोचलं जी सर, पानी. बांध्या भरल्या." सर उठायला गेले तर त्यांना उठताच येईना. दिवसभर चाकावर बसून पाय मेले होते. तिने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या, आणि त्यांना उभं केलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, पायाला मुंग्या आल्या म्हणून.

तिचं धान चांगलं झालं. उपसरपंच मात्र आजही उपसरपंचच आहे, हे तुम्हाला सांगून ठेवतो. त्या दिवशीच्या शूरांनी नंतर पुन्हा त्याला पानठेल्यावर जागा करून दिली. मी सरांना म्हणायचो, तुम्ही गावात क्रांती केलीत. ते चिडायचे. "ते बघे होते रे. बघ्यांवर सिद्धांत उभा राहत नाही." या एका मुद्द्यावर आम्ही पुढची सगळी वर्षं भांडलो, आणि मला अजून वाटतं की ते चुकत होते.

गेल्या चैत्रात सर गेले. रात्री झोपले ते उठलेच नाहीत. सकाळी अंगण झाडायचा आवाज आला नाही म्हणून मी डोकावलो. फुलचूरला मुलीला फोन केला. ती आणि जावई लगेच निघाले. ऊन चढायच्या आत सगळं उरकायला हवं होतं. पण चैत्रातल्या सकाळी आमच्या गावात माणूस भेटत नाही. मोहफुलं पहाटे गळतात. उशीर केला की गुरं खातात नाही तर दुसरा वेचून नेतो. त्यामुळे लहानथोर सगळे टोपल्या घेऊन जंगलात. एका सकाळची मोहफुलं सोडणं कोणालाच परवडत नाही. आणि सर काही गावाचे लाडके नव्हते. त्यांना पाहून वाट बदलणारे मी रोज पाहत होतो. एक मी, एक जावई, एक कॉलेजचा शिपाई. चौथा खांदा कुठून आणू, या विचारात मी फाटकाशी उभा होतो.

म्हैसवाला आला. त्याच्यामागे साक्षगंधवाला. मग चाक फिरवणारा, मग बैलवाला, मग वरच्या आळीची माणसं, मग खालच्या. फाटकातून आत येत आणि अंगणातली माणसं पाहून थबकत.

"अरे, तू कायले आला? मोहाले नाही गेला?"

"तूच कायले आला?"

"मी म्हटलं, सारे मोहा वेचाले गेले असतीन. सराले कोन उचलन?"

ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं. त्या आठांपैकी ज्यांना सभेची वाट सापडली नव्हती, ते सगळे होते. शेवंताबाई बायकांना घेऊन आली होती. उपसरपंचही आला, कोपऱ्यात मान खाली घालून उभा राहिला, आणि मी पाहतोय असं दिसल्यावर म्हणाला, "म्हटलं, कोनी नसन." मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. हे सगळं पाहायला सरांनी उठून बसायला हवं होतं.

पाळीवरून नेताना खांदेकऱ्यांची नुसती रेटारेटी. मी एकदा पुढे झालो, पुन्हा झालो, तिसऱ्यांदा झालो. दर वेळी कोणीतरी मला हाताने मागे सारून म्हणायचं, "थांबा जी मास्तर, आमचं होऊ द्या." तलावाच्या काठावर तिरडी खाली ठेवली, तोवर माझा नंबर लागलाच नाही.